साथीचा कायदा आणि लोकांची साथ



वसंत ऋतूचे आणि व्याख्यानांचे नाते पुणे शहराला नवे नाही. परंतु याच शहराच्या इतिहासात एक वसंत असा येऊन गेला की, त्या वेळी माणसे गाव सोडून वाट फुटेल तिकडे जात होती आणि मागे राहिलेल्यांच्या दारावर गोऱ्या शिपायांची थाप पडत होती. तो वसंत १८९७ सालचा. त्या वेळी जो कायदा सरकारच्या हाती होता, तोच कायदा एकशेतेवीस वर्षांनंतर, २०२० साली, पुन्हा एकदा सरकारच्या हाती दिसला. मधल्या काळात राज्य बदलले, राज्यघटना आली, वैद्यकशास्त्राने तर जणू नवा जन्म घेतला. कायदा मात्र होता तसाच राहिला. रोगाच्या साथीत सरकारला असाधारण अधिकार किती असावेत आणि त्यांना कुंपण कोणते असावे, हा आज आमच्या विचाराचा विषय आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य करून टाकतो. साथीच्या दिवसांत सरकारला नेहमीपेक्षा अधिक अधिकार लागतात, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. रोग कोणाच्या सवडीने येत नाही आणि सभा भरवून ठराव होईपर्यंत थांबतही नाही. माझे घर हा माझा किल्ला, हे तत्त्व नेहमीच्या दिवसांत ठीक आहे. परंतु त्या किल्ल्यातला रोग शेजारच्या पाळण्यापर्यंत पोचणार असेल, तर शेजाऱ्यालाही काही हक्क आहे हे मानलेच पाहिजे. तेव्हा अधिकार असावेत की नसावेत, हा वादच नव्हे. अधिकारांबरोबर सरकारच्या अंगावर काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

आता जरा मागे जाऊ. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग आहे, असे स्पष्ट सांगितले. हां हां म्हणता रोग पसरला आणि हजारो माणसे मुंबई सोडून निघाली. सरकारला जशी माणसांची काळजी होती, तशीच व्यापाराचीही होती. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांना युरोपची बंदरे बंद होतात की काय, ही धास्ती होती. प्लेगचा विचार करण्यासाठी १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती. आपण कडक उपाय योजत आहोत, हे जगाला दाखविणे सरकारला भाग होते. अशा घाईत कलकत्त्याच्या कायदेमंडळात एक विधेयक आले आणि अवघ्या आठवड्याभरात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, ते मंजूरही झाले. हाच तो साथरोग कायदा.

या कायद्याची मुख्य कलमे अवघी चार. पहिल्यात कायद्याचे नाव आणि त्याचा विस्तार. दुसऱ्यात असे की, भयंकर साथीचा रोग आला आहे किंवा येऊ घातला आहे आणि चालू कायदे त्याला पुरे पडत नाहीत, असे सरकारला वाटले, तर सरकारने योग्य वाटतील ते उपाय योजावेत आणि जाहीर सूचनेने तात्पुरते नियम करावेत. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्यास शिक्षा. आणि चौथ्यात, या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर कोणताही दावा चालणार नाही, असे अभय.

श्रोतेहो, या चार कलमांत काय आहे यापेक्षा काय नाही, ते अधिक पाहण्यासारखे आहे. ‘भयंकर साथीचा रोग’ कशाला म्हणावे, याची व्याख्या नाही. नियम ‘तात्पुरते’ म्हटले आहेत, परंतु तात्पुरते म्हणजे किती दिवस, ते सांगितलेले नाही. केलेले नियम कोणा मंडळापुढे मांडावेत, असे बंधन नाही. ज्याचे घर उकरले, ज्याचे कपडे जाळले, त्याने दाद कोठे मागावी, ते नाही. नुकसानभरपाईचा शब्द येतो, पण ती दिल्यास खर्च कोणी सोसावा, एवढ्यापुरताच. रोग्याला औषध मिळावे, कोंडलेल्याला अन्न मिळावे, हे सरकारचे कर्तव्य आहे, असे एक अक्षर नाही. थोडक्यात, जनतेच्या बाजूला सगळी कर्तव्ये आणि सरकारच्या बाजूला सगळे अधिकार, अशी ही वाटणी आहे.

कायदा कागदावर कसाही असला तरी त्याची खरी परीक्षा अंमलात होते. ती पुण्यात झाली. प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी नेमले गेले आणि मार्चपासून घरोघरच्या झडत्या सुरू झाल्या. झडतीला पलटणीचे गोरे शिपाई. त्यांना ना भाषा कळे, ना रीत. स्वयंपाकघर कोणते आणि देवघर कोणते, हा भेद त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आजारी दिसला की त्याची रवानगी प्लेगच्या इस्पितळात, त्याच्या घरच्यांची विलगीकरणाच्या छावणीत, आणि घरातल्या सामानाची अनेकदा होळीत.

आता इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोकमान्य टिळकांचा विरोध रोगी वेगळा काढण्याला नव्हता. पुढाऱ्यांनी गाव सोडून पळू नये, लोकांना धीर द्यावा, असे ते बजावीत होते. ते स्वतः शहरात राहिले आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा लोक अडाणी होते म्हणून सरकारला कठोर व्हावे लागले, हे म्हणणे अर्धवट आहे. या शहरात असे लोक होते की, ज्यांना बरोबर घेतले असते तर तेच काम निम्म्या जाचात झाले असते. सरकारने त्यांची साथ घेण्यापेक्षा पलटणीची साथ घेणे पसंत केले.

याचा परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. आमच्या आजच्या सगळ्या विवेचनाचा कणा या एका गोष्टीत आहे. ज्या उपायाची भीती रोगाच्या भीतीपेक्षा मोठी होते, तो उपाय रोगाचाच मित्र बनतो. शिपाई येणार म्हटल्यावर आई तापलेले मूल माळ्यावर लपविते, मग दुखणे कोणाला कळत नाही, वैद्य येत नाही आणि घर सोडताना माणसे रोग बरोबर घेऊन दुसऱ्या गावी जातात. सक्तीने जे साधायचे होते, तेच सक्तीने हातचे जाते.

तक्रारींचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. नामदार गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांच्या वर्तनाविषयी तेथे जाहीर वाच्यता केली. परत आल्यावर पुरावा पुढे करता येईना, तेव्हा त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. पुष्कळांनी त्यांना दोष दिला. आम्ही विचारतो, पुरावा मिळणार कोठून? तक्रार नोंदवून घेणारे, तिची चौकशी करणारे त्रयस्थ ठिकाणच त्या कायद्यात नव्हते. जेथे तक्रारीला दार नसते तेथे खरे काय आणि खोटे काय, हे कोणालाच कळत नाही. मग निरपराधही बदनाम होतो आणि अपराधीही सुटतो.

आणि ज्या संतापाला कायद्यात वाट मिळाली नाही, त्याने दुसरी वाट शोधली. २२ जून १८९७ च्या रात्री, महाराणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलै रोजी मरण पावले. चाफेकर बंधू फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरदार नातू बंधूंना तर १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून अटकेत ठेवले. साथीसाठी घेतलेला अधिकार पाहता पाहता राजकारणाच्या हाताशी कसा आला, ते येथे दिसते.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसाच्या अंगात जातो कसा, हे १८९७ साली पक्के ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसवा त्याला कारण आहेत, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानात दाखवून दिले आणि तेही सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे पलटणीचे शिपाई माणसांचा शोध घेत होते आणि उंदीर भिंतीआडून सुखाने हिंडत होते! त्या काळच्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते, हा त्यांचा गुन्हा नव्हे. परंतु त्यातून निघणारा धडा मोठा आहे. साथीच्या आरंभी शास्त्रालाही सगळे ठाऊक नसते. म्हणूनच आज काढलेला हुकूम महिन्याने पुन्हा तपासण्याची सोय हुकमातच असावी लागते. ज्या सत्तेला चूक दुरुस्त करण्याची सक्ती नाही, ती सत्ता शास्त्राच्याही मागे पडते.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा तसाच राहिला, ही नवलाची गोष्ट आहे. आपल्या घटनाकारांनी आणीबाणीचा विचार केला नव्हता, असे नाही. ३५२ व्या कलमाखालची आणीबाणी युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड या कारणांसाठी आहे. रोगाची साथ त्यात नाही. आणि त्या आणीबाणीलाही घड्याळ लावलेले आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एका महिन्याच्या आत मान्यता दिली तरच ती टिकते आणि सहा महिन्यांनी पुन्हा मान्यता लागते. शत्रूचे रणगाडे सरहद्दीवर आले तरी सरकारने संसदेपुढे उभे राहावे, असे घटना म्हणते. परंतु १८९७ च्या कायद्याखाली गाव बंद करायचे असेल, तर यातले काही लागत नाही. रणांगणावरच्या संकटाला मुदत आणि रुग्णालयातल्या संकटाला मुदत नाही, हे तर्काला धरून नाही.

२०२० साली हे प्रश्न पुन्हा उभे राहिले. मार्च महिन्यात अनेक राज्यांनी, त्यांत महाराष्ट्रानेही, हा जुना कायदा लागू केला. केंद्र सरकारने २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेतला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद. सूचना सुमारे चार तासांची. संसदेचे अधिवेशन आदल्याच दिवशी आटोपते घेतले होते. ती पुन्हा भरली १४ सप्टेंबरला. मधले जवळजवळ सहा महिने देशाचा कारभार हुकमांवर चालला आणि त्या हुकमांविषयी जाब विचारण्याची जागा मात्र बंद होती.

रोग नवा होता, भीती खरी होती, आणि काही कडक उपाय करणे अपरिहार्य होते, हे आम्ही पुन्हा सांगतो. परंतु ज्याच्या घरात महिन्याचे धान्य आहे त्याला ‘घरी बसा’ हा हुकूम एक अर्थ सांगतो आणि ज्याचे घर पाचशे कोसांवर आहे व मजुरी आज थांबली आहे, त्याला दुसरा. गाड्या बंद, काम बंद, आणि खोलीचे भाडे चालू. मग माणसे पायी निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे, जालन्याहून आपल्या मध्य प्रदेशातील गावांकडे रुळावरून चालत निघालेले आणि थकून रुळावरच झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. रेल्वे बंद आहे, या भरवशावर ते तेथे झोपले होते. हे सोळा जीव साथीच्या आकड्यांत कोठेही मोजले जाणार नाहीत. परंतु अधिकार देताना अन्नाचे आणि वाटेचे कर्तव्य कायद्यात बांधून दिले नाही म्हणजे काय होते, त्या हिशेबात ते मोजलेच पाहिजेत.

न्यायालयांनी काही ठिकाणी हे कुंपण घातले, हे नमूद केले पाहिजे. गुजरात सरकारने साथीला ‘सार्वजनिक आणीबाणी’ ठरवून कारखान्यांना कामगारविषयक नियमांतून सूट दिली होती. दिवसाला बारा तास काम आणि जादा कामाला दुप्पट दर नाही, अशी ती सूट. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि कामगारांना जादा कामाचे पैसे देण्यास सांगितले. साथीचे ओझे कामगारांच्याच पाठीवर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. २ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने लसीच्या बाबतीत सांगितले की, कोणाच्याही शरीरावर बळाने लस लादता येत नाही. सरकार समाजाच्या हितासाठी निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणशीर असले पाहिजेत.

आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा निकाल. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात आपद्ग्रस्तांना किमान कोणती मदत द्यावी, याची मार्गदर्शक तत्त्वे करण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. त्याच्या आधारे ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना साहाय्य ठरविण्याचा आदेश दिला आणि पुढे प्रत्येक मृत्यूमागे पन्नास हजार रुपये ठरले. रक्कम थोडी की फार, हा वाद वेगळा. पाहण्यासारखे हे की, कर्तव्य कायद्यात लिहिलेले होते म्हणून विधवेला ते मागता आले. १८९७ च्या कायद्यात बोट ठेवायला तिला अशी एकही ओळ सापडली नसती.

मग हवे काय? आमच्या मते चार गोष्टी पुरेत. पहिली मुदत. प्रत्येक हुकमाला तारीख असावी आणि ती उलटली की, नव्याने कारण दाखविल्यावाचून तो चालू राहू नये. दुसरी कारण. कोणत्या माहितीवरून, कोणा तज्ज्ञांच्या सल्ल्याने हा उपाय योजला, ते लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावे. तिसरी हिशेब. हुकूम ठरावीक दिवसांत विधिमंडळापुढे मांडला जावा आणि तक्रार ऐकणारा त्रयस्थ अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात असावा. चौथी कर्तव्य. ज्याला घरात कोंडाल त्याला खायला घाला, ज्याचे काम बंद कराल त्याला पोटापुरते द्या, ज्याला वेगळा काढाल त्याला औषध द्या आणि त्याचा निरोप घरी पोचवा. हे उपकार म्हणून नव्हे, कायद्याने.

यावर कोणी म्हणेल की, अशाने डॉक्टरांचे आणि कलेक्टरांचे हात बांधले जातील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु आमची सूचना हुकमाच्या आधी परवानगी मागण्याची नाही, हुकमाच्या नंतर जबाब देण्याची आहे. ब्रिटिश पार्लमेंटने २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे आपला देश बंद झाला त्याच दिवशी, कोरोनासाठी विशेष कायदा केला. त्याला दोन वर्षांची मुदत घातली आणि दर सहा महिन्यांनी सभागृहाने त्यावर विचार करावा, अशी तरतूद ठेवली. ज्यांनी आम्हांला बिनमुदतीचा कायदा दिला, त्यांनी आपल्या घरी मात्र घड्याळ टांगले!

शिवाय साथ सैल पडते ती लोकांच्या सहकार्याने, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रोगी सापडला, तेव्हा सर्वांच्या काळजात धस्स झाले. दाटीवाटीची वस्ती, सार्वजनिक संडास, एका खोलीत आठ-दहा माणसे. तेथे मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले, दारोदार तपासणी केली, संडास पुन्हा पुन्हा धुतले, विलगीकरणात जेवणाची सोय केली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा नावानिशी उल्लेख केला. तपासणी १८९७ मध्येही दारोदारच होती. फरक हा की, येथे दार वाजविणारा ओळखीचा होता आणि तो जेवणाचे विचारीत होता.

आता शेवटी एक कटू गोष्ट आपल्या स्वतःविषयी. सरकारी जुलमाविषयी बोलणे सोपे आहे. परंतु २०२० साली रुग्णालयातून थकून येणाऱ्या परिचारिकेला इमारतीच्या जिन्यात अडविणारे कोण होते? ते सरकार नव्हते, शेजारीच होते. डॉक्टरांवर हात उगारले गेले म्हणून त्याच वर्षी या जुन्या कायद्यात दुरुस्ती करून त्यांना संरक्षण द्यावे लागले. असाधारण अधिकार दुसऱ्याच्या दारात उभा राहिला की आपल्याला तो बरा वाटतो, आपल्या दारात आला की जुलूम वाटतो. हा दुटप्पीपणा सोडल्याखेरीज चांगला कायदा मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येणार नाही.

केंद्रीय विधी आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत आपला २८६ वा अहवाल याच विषयावर दिला आणि जुना कायदा सुधारावा किंवा नवा सर्वंकष कायदा करावा, अशी शिफारस केली. तिचा पाठपुरावा लोकांनीच केला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. १८९७ ची विहीर तहानेच्या घाईत खणली होती, म्हणून तिला कठडा बांधायचा राहून गेला. आज साथ नाही, डोकी थंड आहेत, कायदेमंडळे उघडी आहेत. कठडा बांधायचा तो अशाच दिवसांत. पुढल्या वेळी विधिमंडळाच्या उमेदवाराने आपल्याकडे मत मागितले, तर रस्त्याबरोबर आणि पाण्याबरोबर त्याला हेही विचारावे, एवढीच आपणां सर्वांना आमची विनंती आहे.